दोन विमानतळांमधले अंतर कोण ठरवते?

२०१६च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने आपल्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाची वाट बदलली. तोवर हे विमान दिल्लीहून पश्चिमेकडे निघून युरोप आणि अटलांटिक ओलांडत अमेरिकेचा पश्चिम किनारा गाठत असे. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता. नव्या वाटेने विमान पूर्वेला निघाले, पॅसिफिक महासागरावरून गेले आणि सुमारे १५,३०० किलोमीटर उडून साडेचौदा तासांत उतरले. रस्ता चौदाशे किलोमीटरने लांबला आणि वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी कमी झाला. या दोन्ही आकड्यांशी न जुळणारा तिसरा आकडाही आहे: पृथ्वीच्या गोलावर या दोन विमानतळांमधले कमीत कमी अंतर साधारण १२,४०० किलोमीटर भरते.

यांपैकी खरे अंतर कोणते? भूगोल शिकलेला माणूस न अडखळता तिसऱ्या आकड्यावर बोट ठेवतो. त्याचा पक्ष सर्वांत बळकट रूपात असा मांडता येईल. पृथ्वी गोल आहे. गोलावरच्या दोन बिंदूंना जोडणारा सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे बृहद्वृत्ताचा, गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा, तुकडा. म्हणून दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश कळले की त्यांच्यामधले उड्डाणाचे अंतर गणिताने एकदाच आणि कायमचे निघते. विमाने याच रेषेवरून उडतात. वादळ, युद्ध किंवा सरकारी आडकाठी आली तर ती बाजूला जातात, पण तो अपवाद असतो आणि ते बाजूला जाणे हा निव्वळ तोटा असतो.

हे मत केवळ सामान्यज्ञानाच्या पुस्तकांपुरते असते तर त्यासाठी लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. जगातल्या सर्वांत लांब उड्डाणांच्या याद्या याच अंतरावर रचल्या जातात. विमान रद्द झाल्यास किंवा फार रखडल्यास प्रवाशाला नुकसानभरपाई देणारा युरोपातला कायदा याच अंतरावरून रक्कम ठरवतो. प्रवाशाच्या वाट्याला किती कार्बन येतो हे सांगणारी गणकयंत्रेही इथूनच सुरुवात करतात. वरच्या चार विधानांपैकी पहिली दोन निर्विवाद आहेत. तिसरे त्या दोहोंतून निघत नाही, आणि चौथे वस्तुस्थितीला सोडून आहे. माझा पक्ष असा आहे: दूरच्या दोन विमानतळांमधले उड्डाणाचे अंतर वारा, खालच्या जमिनीची उंची, सुरक्षेचे नियम आणि राष्ट्रांच्या परवानग्या हे सारे मिळून त्या दिवसापुरते ठरवतात. बृहद्वृत्त फक्त त्याची खालची मर्यादा सांगते.

आधी या मताला त्याचे श्रेय देऊ. ते एका अधिक भाबड्या समजुतीला खोडून पुढे आलेले आहे. भिंतीवरच्या नकाशात दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को पट्टीने जोडली की रेघ चीन, जपान आणि पॅसिफिकवरून आडवी जाते, आणि विमान उत्तरेकडे गेलेले दिसले की तो वळसा वाटतो. सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात भास्कराचार्यांनी ११५०मध्येच सांगून ठेवले आहे की वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो. मग पृथ्वीपुढे एवढ्याशा असलेल्या माणसाला ती सपाट दिसली तर नवल नाही. मर्केटरने १५६९मध्ये केलेला नकाशा खलाशांसाठी होता. त्यावरच्या सरळ रेघेने होकायंत्राची एकच दिशा धरून जाता येते, पण ती रेघ सर्वांत जवळची असतेच असे नाही. या दोन विमानतळांसाठी मी तिचे गणित करून पाहिले: एकच दिशा धरून गेल्यास अंतर जवळजवळ १४,९५० किलोमीटर होते, म्हणजे बृहद्वृत्तापेक्षा अडीच हजार किलोमीटर जास्त. सपाट नकाशाचा पक्ष इथेच संपतो.

आता पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. तो दिल्लीहून जवळजवळ सरळ उत्तरेला, किंचित पूर्वेकडे झुकून निघतो. लडाख आणि तिबेटचा पश्चिम कोपरा, तक्लामकानचे वाळवंट, अल्ताय पर्वत आणि सैबेरिया असा तो आर्क्टिक महासागरात शिरतो, ७५ अंश उत्तरेच्याही पुढे चढतो, अलास्काच्या उत्तर टोकाजवळून खाली वळतो आणि युकॉनवरून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला लागतो. गणिताने निघालेली ही वाट सुरेख आहे. दिल्लीहून निघणारे प्रवासी विमान मात्र तिच्या पहिल्या हजार किलोमीटरवरूनही जात नाही.

त्याचे कारण जमिनीत आहे. उंचावर विमानातल्या हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला तातडीने सुमारे ३,००० मीटरपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या डोक्यावरून खाली येणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू पाव तास-वीस मिनिटांचाच असतो. समुद्रावर किंवा गंगेच्या मैदानावर यात अडचण नाही. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटरच्या घरात आहे. तिथे ३,००० मीटरवर हवा नसून खडक आहे. विशेष तयारी केलेली विमाने आणि सुटकेच्या आखलेल्या वाटा असतील तरच त्यावरून जाता येते. कमीत कमी अंतराचे सूत्र पृथ्वीला गुळगुळीत लंबगोल मानते, आणि दिल्लीहून निघणाऱ्या विमानापुढे पहिल्याच तासाला हिमालय उभा असतो.

म्हणूनच १५ ऑगस्ट २०१९ रोजी एअर इंडियाने याच मार्गावर ध्रुवावरून उड्डाण केले तेव्हा विमान आधी वायव्येला गेले: पाकिस्तान, अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया आणि मग उत्तर ध्रुवाचा प्रदेश. त्या उड्डाणाचे वर्णन 'सर्वांत जवळच्या वाटेने' असे झाले. वस्तुतः दिल्लीपासूनची सर्वांत जवळची वाट ध्रुवापासून बरीच दूर, ७५-७६ अंशांवरून जाते. विमान ध्रुवाकडे ओढले गेले ते हिमालय टाळायला पश्चिमेकडे सरकावे लागले म्हणून. ताश्कंदच्या बाजूने सॅन फ्रान्सिस्कोकडे दोरा ताणला तर तो ८३ अंशांच्या आसपास चढतो. डोंगराने दिल्लीचे विमान जणू ताश्कंदचे करून टाकले. भूमिती इथेही काम करते आहे, पण तिला बिंदू पुरवण्याचे काम डोंगर करतो आहे.

दुसरी गोष्ट परवानगीची. १९४४च्या शिकागो कराराच्या पहिल्याच कलमाने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरच्या आकाशावरचे पूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व मान्य केले. अक्षांश-रेखांशांच्या गणिताला सीमा माहीत नसतात, विमानाला मात्र प्रत्येक सीमेवर कुणाच्या तरी होकाराची गरज असते. प्रतिपक्षी म्हणेल की हे तात्पुरते आहे. राजकारण निवळले की विमाने आपल्या रेषेवर परत येतात. हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून एकच जोडी घेऊन तो तपासू: हेलसिंकी आणि टोकियो.

या दोन शहरांमधले बृहद्वृत्ताचे अंतर ७,८३० किलोमीटरच्या आसपास आहे, आणि त्याचा बहुतेक भाग रशियावरून जातो. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश परक्यांना जवळजवळ बंदच होते. १९५७मध्ये स्कँडिनेव्हियन कंपनीने कोपनहेगनहून टोकियोला जायला उत्तर ध्रुवाकडची वाट घेतली आणि अलास्कातल्या अँकरेजला मध्ये थांबा ठेवला. १९८३मध्ये फिनएअरने हेलसिंकीहून टोकियोला न थांबता जाणारे विमान सुरू केले, तेही ध्रुवावरूनच, सोव्हिएत हद्दीला वळसा घालून. पुढे सैबेरियाचे आकाश उघडले आणि हाच प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला. फिनएअरने आशियाचा सारा धंदाच या जवळच्या वाटेवर उभा केला. मग फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि रशियाचे आकाश युरोपीय कंपन्यांना पुन्हा बंद झाले. त्याच मार्चमध्ये फिनएअर टोकियोच्या वाटेवर पुन्हा ध्रुवाकडे वळली. सुमारे १२,९०० किलोमीटर, तेरा तास, आणि कंपनीच्याच हिशेबाने ४० टक्के जास्त इंधन.

आता सांगावे, या जोडीत नियम कोणता आणि अपवाद कोणता? १९५७पासून आजपर्यंतचा काळ धरला तर सैबेरियाची मोकळी वाट साधारण तीन दशकांची आहे आणि बंद वाटही साधारण तितकीच. जी गोष्ट अर्धा काळ खरी असते तिला अपवाद म्हणणे हा तर्काचा दोष आहे. ७,८३० हा आकडा या सगळ्या वर्षांत एक मीटरही बदलला नाही, पण त्यावरून प्रवाशाला काहीच सांगता आले नसते.

आपल्याकडचा अनुभव याहून वेगळा नाही. २७ फेब्रुवारी २०१९ ते १६ जुलै २०१९ या काळात पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना जवळजवळ पूर्ण बंद होते. त्यामुळे २ जुलैपर्यंत एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. २४ एप्रिल २०२५ पासून ते पुन्हा बंद झाले आणि उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावे लागले. दिल्लीचे अक्षांश-रेखांश आदल्या दिवशी होते तेच दुसऱ्या दिवशी होते.

सुरक्षेच्या नियमांविषयी थोडक्यात सांगतो. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडले तर उरलेल्या एकावर ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ वाटेत सतत हाताशी असावा लागतो. पूर्वी ही मर्यादा साठ मिनिटांची होती. १९८५मध्ये ती काही विमानांसाठी १२० मिनिटांवर गेली, नंतर १८० आणि त्याहूनही पुढे. आर्क्टिक आणि पूर्व सैबेरियात असे विमानतळ मोजकेच आहेत. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगदान इथे उतरले, तेव्हा त्यात २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी होते. त्यांना पुढे न्यायला भारतातून दुसरे विमान पाठवावे लागले. मगदानचे नाव त्या दिवसापर्यंत फार थोड्या भारतीयांनी ऐकले असेल, पण मार्ग आखणाऱ्याच्या तक्त्यावर अशी गावे नेहमीच असतात. ती नसती तर ती वाटच नसती.

इथवरचे सगळे मान्य करूनही प्रतिपक्ष एक आधार राखून ठेवू शकतो. तो म्हणेल: डोंगर, सीमा, नियम हे अडथळे आहेत, अडथळे काढून टाका, मग तरी विमान बृहद्वृत्तावरूनच उडेल ना? माझा मुख्य वाद याच ठिकाणी आहे. उत्तर 'नाही' असे आहे, कारण विमान जमिनीवरून चालत नाही. ते हवेतून जाते, आणि हवा स्वतः वाहते आहे.

जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडून उंचावरच्या वाऱ्यांचा वेग मोजला. जपानवर, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे फार जोराचा प्रवाह आहे हे त्यांना दिसले. त्यांनी ते १९२६मध्ये एस्पेरांतो भाषेत प्रसिद्ध केले आणि जपानबाहेर कुणाचे लक्ष गेले नाही. १९४४मध्ये अमेरिकेची बी-२९ विमाने जपानवर उंचावरून आली तेव्हा त्यांच्या वैमानिकांना हाच प्रवाह आडवा आला. आज आपण त्याला जेट स्ट्रीम म्हणतो. १८ नोव्हेंबर १९५२ रोजी पॅन अमेरिकन कंपनीच्या विमानाने टोकियोहून होनोलुलूला जाताना मुद्दाम त्या उंचीवर चढून या वाऱ्याचा फायदा घेतला, आणि १८ तासांचा प्रवास साडेअकरा तासांत झाला. टोकियो आणि होनोलुलू काही जवळ आली नव्हती. ९ फेब्रुवारी २०२० रोजी, कियारा वादळाच्या वेळी, ब्रिटिश एअरवेजचे बोईंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले; जमिनीच्या मानाने त्याचा वेग एका टप्प्यावर ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला. हवेच्या मानाने ते आपल्या नेहमीच्याच वेगाने उडत होते, म्हणून ध्वनीची मर्यादा ओलांडण्याचा प्रश्नच आला नाही.

म्हणून मार्ग आखणारे दोन अंतरे वेगळी ठेवतात: एक जमिनीवर मोजलेले आणि दुसरे हवेतून कापलेले. इंजिनाला दुसऱ्याचीच जाणीव असते. इंधन त्याच्याच प्रमाणात जळते. पावसाळ्यात भरलेल्या कृष्णेत नाव घालणारा नावाडी हे जाणून असतो: प्रवाहाबरोबर जाताना तो मधली धार धरतो, उलट येताना काठच्या संथ पाण्यातून येतो. घाट तेच असतात, पण वल्ही मारण्याचे कष्ट वेगळे आणि वाटही वेगळी.

हे मोजमाप २०१६च्या उदाहरणाला लावू. बोईंग ७७७ हवेच्या मानाने ताशी ९००च्या आसपास किलोमीटर जाते. साडेचौदा तासांत त्याने हवेतून कापलेले अंतर म्हणजे सुमारे १३,००० किलोमीटर. जमिनीवर मात्र ते १५,३०० किलोमीटर सरकले. वरचे सव्वादोन हजार किलोमीटर त्याला वाऱ्याने दिले. उलट अटलांटिकच्या वाटेने सोळा तासांच्या वर लागत, म्हणजे हवेतून साडेचौदा हजार किलोमीटर कापूनही जमिनीवर १३,९००च भरत. सहाशेहून अधिक किलोमीटर वाऱ्याने काढून घेतले. जमिनीच्या हिशेबाने पॅसिफिकची वाट लांब आणि हवेच्या हिशेबाने तीच जवळ. उड्डाणाचे अंतर म्हणजे जमिनीवरचा आकडा असे धरून चालणाऱ्या पक्षाला हा निर्णय समजावता येत नाही. त्याला तो तोटाच म्हणावा लागेल, आणि तो तोटा नव्हता.

गणितानेही याला जागा करून दिलेली आहे. एर्न्स्ट झेर्मेलो यांनी १९३१मध्ये नेमका हाच प्रश्न मांडला: वाहत्या हवेत ठराविक वेगाने जाणाऱ्या यानाने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कमीत कमी वेळात पोहोचायला कोणती वाट धरावी? वारा शून्य असेल किंवा सगळीकडे सारखाच असेल तर उत्तर सरळ येते. तो ठिकाणागणिक बदलत असेल तर उत्तर वाकडी रेघ येते, आणि वारा बदलला की तीही बदलते. म्हणजे बृहद्वृत्त हे या मोठ्या प्रश्नाचे एक विशेष उत्तर आहे, वारा नसलेल्या पृथ्वीचे. उत्तर अटलांटिकवर तर हे रोजच्या कामकाजात उतरले आहे. तिथल्या विमानांसाठी गँडर आणि शॅनविक ही नियंत्रण केंद्रे वाऱ्याचे अंदाज पाहून रोज नवे मार्ग जाहीर करतात, पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी वेगळे आणि पूर्वेला जाणाऱ्यांसाठी वेगळे. कायमचे आणि दोन्ही दिशांना सारखे अंतर असते तर ही खटपट कुणी कशाला केली असती?

यावर एक शेवटचा बचाव ऐकू येतो: वारा जाताना जेवढा अडवतो तेवढाच येताना ढकलतो, जाण्या-येण्याचा हिशेब केला की तो कटून जातो आणि बृहद्वृत्त शिल्लक उरते. हे अंकगणितातच चूक आहे. १२,४०० किलोमीटरची वाट, विमानाचा वेग ताशी ९००, वारा ताशी १०० धरा. वाऱ्याबरोबर १२ तास २४ मिनिटे, वाऱ्याविरुद्ध साडेपंधरा तास. मिळून २७ तास ५४ मिनिटे. वारा नसता तर दोन्ही मिळून २७ तास ३३ मिनिटे लागली असती. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते, म्हणून नुकसान नेहमी फायद्यापेक्षा मोठे असते. आणि मुळात एकाच वाटेने परत यायची सक्ती कुणी केली आहे? २०१७च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एअर इंडियाच्या केवळ महिला कर्मचारी असलेल्या विमानाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला पॅसिफिकवरून प्रस्थान केले आणि परतताना अटलांटिकवरून दिल्ली गाठली. जाताना पूर्वेला, येतानाही पूर्वेला, दोन्ही वेळा वारा पाठीशी. आणि दोन फेऱ्यांत पृथ्वीप्रदक्षिणा. यातून वारा 'कटून' गेला नाही. दोन्ही वेळा तो कामाला लावला.

इथे एका जोडसमजुतीचाही निकाल लावतो, कारण ती मराठी घरांत फार ऐकू येते. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना साधारण सोळा तास लागतात आणि येताना एक-दीड तास कमी. याचे कारण 'पृथ्वी फिरते' असे सांगितले जाते. पृथ्वी विमानाखालून सरकत असती तर परिणाम उलटा दिसला असता. ती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणजे पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे न्यूयॉर्क धावत यायला हवे होते, आणि विषुववृत्तावर तर ताशी १,६७० किलोमीटर वेगाने. तसे होत नाही, कारण हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असते. फरक पडतो तो हवेच्या पृथ्वीहून अधिक पुढे धावण्याने, म्हणजे जेट स्ट्रीमने. त्या प्रवाहाला पूर्वेची दिशा मिळण्यामागे पृथ्वीचे फिरणे आहे हे खरे, पण ते विषुववृत्ताच्या आणि ध्रुवाच्या तापमानातल्या फरकाशी जोडून, थेट नाही.

आता मंडन. बृहद्वृत्ताचे अंतर टाकून द्यावे असे मी म्हणत नाही. पृथ्वीचा आकार आज फार बारकाईने माहीत आहे: विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाकडे ६,३५७च्या आसपास. या लंबगोलावर दोन बिंदूंमधले अंतर मिलिमीटरपर्यंत काढणारी पद्धत विन्सेंटी यांनी १९७५मध्येच दिली. एवढी नेमकी आणि कुणालाही पुन्हा पडताळता येणारी दुसरी संख्या या विषयात नाही. कोणते विमान एखाद्या मार्गावर न थांबता जाऊ शकणारच नाही, हे तिच्यावरून लगेच कळते. कायद्यालाही अशीच संख्या लागते. युरोपचा २००४चा २६१ क्रमांकाचा नियम १,५०० आणि ३,५०० किलोमीटरच्या टप्प्यांवर भरपाई ठरवतो आणि ते टप्पे बृहद्वृत्ताने मोजतो. ते योग्यच आहे, कारण भरपाई वाऱ्यावर अवलंबून असता कामा नये. दोन्ही पक्षांनी आधीच मान्य केलेला, न बदलणारा मापदंड म्हणून तो आकडा उत्तम आहे.

गडबड होते ती हा मापदंड प्रत्यक्ष उड्डाणाच्या जागी बसवला की. २०१६मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हे जगातले सर्वांत लांब न थांबणारे उड्डाण झाल्याच्या बातम्या आल्या. त्यात आपल्या विमानाचे उडालेले १५,३०० किलोमीटर एका बाजूला होते आणि तोवर अव्वल मानल्या गेलेल्या दुबई–ऑकलंडचे गोलावर मोजलेले सुमारे १४,२०० किलोमीटर दुसऱ्या बाजूला. दोन वेगळ्या मापांनी मोजलेल्या वस्तूंची ती तुलना होती. गोलावरच्या मापाने दिल्लीचे १२,४०० दुबईच्या बरेच मागे राहतात.

विक्रमांच्या बातमीत अशी चूक झाली तर फारसे बिघडत नाही. कार्बनच्या हिशेबात बिघडते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, आपल्या कार्बन गणनेसाठी बृहद्वृत्ताच्या अंतरात दुरुस्ती सुचवली आहे: ५५० किलोमीटरपेक्षा छोट्या प्रवासाला ५० किलोमीटर, ५,५००पर्यंत १०० किलोमीटर आणि त्याहून मोठ्या सगळ्या प्रवासांना सरसकट १२५ किलोमीटर जास्त धरायचे. हेलसिंकी–टोकियोसाठी हे अंतर ७,९५५ येते. रशियाचे आकाश बंद असताना विमान उडते १२,९००. दिल्लीच्या उदाहरणात ते १२,५२५ येते. हवेतून कापलेले अंतर पॅसिफिकच्या वाटेने १३,००० आणि अटलांटिकच्या वाटेने साडेचौदा हजारांच्या वर. एका वाटेला चूक किरकोळ, दुसऱ्या वाटेला दोन हजार किलोमीटरची, आणि १२५चा आकडा दोन्हींना एकच.

मुंबई, बेंगळुरू, दिल्लीहून मुलांकडे किंवा नातवंडांकडे सॅन फ्रान्सिस्को परिसरात जाणाऱ्या ज्येष्ठांना तिकीट काढताना माझे एवढेच सांगणे आहे की दोन शहरांमधले किलोमीटर पाहू नका. त्याच क्रमांकाचे विमान गेल्या महिनाभरात प्रत्यक्ष किती तास उडाले आणि वाटेत कुठे उतरले, ते पाहा. ही माहिती आता कुणालाही मिळते. आणि विमान कंपन्यांकडे मागणी अशी आहे: उड्डाण संपते तेव्हा विमान किती किलोमीटर उडाले आणि किती इंधन जळाले, हे दोन्ही आकडे तुमच्या नोंदीत असतात. प्रवाशाच्या हातात कार्बनचा आकडा ठेवायचा असेल तर तो या नोंदीवरून काढा आणि सोबत ते दोन्ही आकडेही छापा.